टॅबच्या खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचे पान

यंदाच्या स्मरणिकेसाठी अभ्यासिकेतर्फे काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. अभ्यासिकेचा अहवाल दरवर्षी छापला जातो. किती मुले बसतात, किती उत्तीर्ण झाली, पंखा कोणी दिला, वह्या कोणी वाटल्या, हे सारे त्यात येतेच. म्हणून या वेळी अहवालाची पुनरावृत्ती न करता आमच्या हातून झालेली एक चूक आणि त्या चुकीतून शिकलेले एक साधे गणित वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही ठरविले. चूक सांगायला संकोच वाटतो, हे खरे. पण आज घरोघरी टॅब आहेत, मुले त्यावर अभ्यास करतात आणि अनेक मंडळे वर्गणी काढून टॅब विकत घेतात. आमच्या चुकीवरून दुसरे कोणी शहाणे झाले तर हा लेखनप्रपंच सार्थकी लागला असे आम्ही समजू.

चूक कशी झाली

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि शाळा बंद पडल्या. मुलांचा अभ्यास घरी बसून मोबाइलवर सुरू झाला. ज्यांच्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यांनी काय करावे? आम्ही परिचितांना विनंती केली की, घरात न वापरता पडून असलेला टॅब अभ्यासिकेला द्यावा. लोकांनी दिले. कोणाचा दहा इंची, कोणाचा सात इंची, कोणाचा जुना आयपॅड. सगळे वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या घडणीचे.

या टॅबवर उघडण्यासाठी आमच्या कार्यकर्त्यांनी सराव प्रश्नांचे एक वेबपान तयार केले. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला आकृती, अशी दोन रकान्यांची मांडणी होती. पडदा अरुंद असेल तर एकच रकाना दिसावा म्हणून पानात एक अट घातली: रुंदी १००० पिक्सेल किंवा जास्त असेल तर दोन रकाने, कमी असेल तर एक.

एका सेवानिवृत्त शिक्षिका बाईंनी आपला २०१३ सालचा नेक्सस ७ हा टॅब खोक्यासकट आणून दिला होता. खोक्यावरच्या माहितीप्रमाणे पडदा १९२० बाय १२०० पिक्सेलचा. उभा धरला तरी रुंदी १२०० म्हणजे हजाराच्या वर. तरीही त्यावर एकच रकाना येई. आडवा धरला तरी एकच रकाना. उलट दुसऱ्या एका साध्या दहा इंची टॅबचा पडदा १२८० बाय ८०० चा होता. तो आडवा धरताच दोन रकाने नीट दिसत. शिवाय बाईंच्या टॅबवर आकृत्याही पुसट दिसत. मोठे आकडे असलेला टॅब लहान आकडे असलेल्या टॅबपेक्षा वाईट दिसतो, याचा आम्ही एकच अर्थ काढला. टॅबवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावली आणि बाईंना तसा निरोप धाडला.

बाई टॅब न्यायला आल्या. रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. “मी तर रोज यावर वर्तमानपत्र वाचत होते. अक्षर किती सुरेख दिसतं,” एवढेच त्या म्हणाल्या. तेथे दहावीची एक विद्यार्थिनी प्रश्न सोडवीत बसली होती. तिच्या हातात २०१२ सालचा, म्हणजे आधीच्या पिढीचा नेक्सस ७ होता. ती म्हणाली, “काका, दोन्ही शेजारी ठेवून बघू या का?”

दोन्ही टॅब सात इंची. एकाचा पडदा १२८० बाय ८००, दुसऱ्याचा १९२० बाय १२००. दोन्हींवर तेच पान उघडले. एका ओळीत किती शब्द बसतात ते तिने मोजले. दोन्हींवर ओळ एकाच शब्दावर तुटत होती. नव्या टॅबवर अक्षर अधिक रेखीव होते, पण पान मात्र तेवढेच होते. म्हणजे टॅब बिघडलेला नव्हता. खोक्यावरचा पिक्सेल आणि आमच्या पानातला पिक्सेल ही दोन निरनिराळी मापे होती आणि आम्ही त्यांना एकच समजत होतो.

पिक्सेल दोन प्रकारचे

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनते. रांगोळीच्या पुस्तकात ‘१५ ठिपके, १५ ओळी’ असे लिहिलेले असते, तसेच खोक्यावर ‘१९२० बाय १२००’ लिहिलेले असते. हे पडद्यावरचे खरे ठिपके. यांना आपण पडद्याचे पिक्सेल म्हणू.

आता अडचण अशी की, हे ठिपके वर्षागणिक बारीक होत गेले. वेबपान लिहिणाऱ्याने ‘अक्षराची उंची १६ पिक्सेल’ असे लिहिले आणि ते खऱ्या ठिपक्यांनी मोजले, तर जुन्या पडद्यावर अक्षर वाचता येईल आणि नव्या पडद्यावर ते मुंगीएवढे दिसेल. म्हणून वेबपानासाठी पिक्सेलचे एक वेगळे, ठरविलेले माप वापरतात. त्याला सीएसएस पिक्सेल म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला मांडणीचा पिक्सेल म्हणू.

या मापाच्या मुळाशी डोळ्याचा विचार आहे. हात लांब करून, सुमारे २८ इंच अंतरावर धरलेल्या पडद्यावर एका इंचाचा ९६ वा भाग, म्हणजे साधारण ०.२६ मिलिमीटर, जेवढा दिसतो तेवढा एक मांडणीचा पिक्सेल असावा, असा संकेत आहे. टॅब आपण त्याहून जवळ धरतो. जवळची वस्तू लहान असली तरी डोळ्याला तेवढीच दिसते. म्हणून टॅबवर हा पिक्सेल आणखी लहान चालतो. अँड्रॉइड प्रणालीत त्याचा पाया इंचाचा १६० वा भाग हा धरलेला आहे. हिशेब करून पाहावा: २८ ला ९६ ने गुणून १६० ने भागले तर १६.८ इंच येतात. म्हणजे साधारण पुस्तक हातात धरून वाचण्याचे अंतर.

आलेखाचा कागद डोळ्यासमोर आणावा. त्यात ठळक रेघांचे मोठे चौकोन असतात आणि प्रत्येक मोठ्या चौकोनात बारीक चौकोन असतात. मोठा चौकोन म्हणजे मांडणीचा पिक्सेल, बारीक चौकोन म्हणजे पडद्याचा पिक्सेल. मोठ्या चौकोनाच्या एका बाजूवर किती बारीक चौकोन बसतात, त्या संख्येला डिव्हाइस पिक्सेल रेशो म्हणतात. थोडक्यात डीपीआर. मराठीत त्याला पिक्सेल गुणोत्तर म्हणायला हरकत नाही.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे गुणोत्तर एका बाजूचे आहे, क्षेत्रफळाचे नाही. गुणोत्तर २ असेल तर मांडणीच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे २ नव्हे, २ गुणिले २ म्हणजे ४ पिक्सेल येतात.

बाईंच्या टॅबचे गुणोत्तर २ होते. १२०० ला २ ने भागले की ६०० आणि १९२० ला भागले की ९६०. आमची अट होती १००० ची. उभा धरा की आडवा, अट पूर्ण होणारच नव्हती. साध्या दहा इंची टॅबचे गुणोत्तर १ होते. त्याचे १२८० हे १२८० च राहिले आणि अट पूर्ण झाली.

हिशेबाच्या पायऱ्या

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तीन आकडे मिळतात: लांबीचे पिक्सेल, रुंदीचे पिक्सेल आणि पडद्याचा आकार इंचात. हा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णाचा असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. पिक्सेल गुणोत्तराचा आकडा मात्र माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत. तो आपल्याला काढावा लागतो. अँड्रॉइड टॅबसाठी त्याच्या पायऱ्या अशा:

पहिली पायरी. कर्णावर किती पिक्सेल बसतात ते काढावे. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय येथे उपयोगी पडते. लांबीचा वर्ग अधिक रुंदीचा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ.

दुसरी पायरी. आलेल्या संख्येला इंचांनी भागावे. म्हणजे एका इंचात किती पिक्सेल आहेत ती घनता मिळते. माहितीपत्रकात ‘पीपीआय’ म्हणून जो आकडा असतो तो हाच. तो दिलेला असेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाचल्या.

तिसरी पायरी. घनतेला १६० ने भागावे. हे झाले कच्चे गुणोत्तर.

चौथी पायरी. कच्चे गुणोत्तर जसेच्या तसे वापरू नये. अँड्रॉइडमध्ये घनतेचे ठराविक टप्पे आहेत: १२०, १६०, २१३, २४०, ३२०, ४८० आणि ६४०. त्यांना १६० ने भागले की गुणोत्तरे मिळतात ०.७५, १, १.३३, १.५, २, ३ आणि ४. टॅब बनविणारा बहुधा यांपैकी जवळचा टप्पा निवडतो. काही टॅबमध्ये मधलाही आकडा आढळतो, पण सुरुवातीला हे सात पुरेत.

पाचवी पायरी. पडद्याच्या लहान बाजूचे पिक्सेल या गुणोत्तराने भागावेत. आलेली संख्या म्हणजे उभ्या टॅबवर पानाला मिळणारी रुंदी. सात इंची टॅबला ती ६०० च्या आसपास आणि दहा इंचीला ७२० ते ८०० च्या आसपास यावी. सात इंची टॅबला १२०० किंवा दहा इंचीला ४०० अशी संख्या आली, तर कोठेतरी टप्पा चुकला असे समजावे.

काही उदाहरणे

आता हे गणित आमच्याकडच्या टॅबवर करून दाखवितो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन सोबत करावे.

२०१२ चा नेक्सस ७. १२८० चा वर्ग १६,३८,४०० आणि ८०० चा वर्ग ६,४०,०००. बेरीज २२,७८,४००. वर्गमूळ सुमारे १५०९. त्याला ७ ने भागले की घनता २१६. तिला १६० ने भागले की १.३५. जवळचा टप्पा १.३३. आता ८०० भागिले १.३३ म्हणजे जवळजवळ ६००.

२०१३ चा नेक्सस ७. १९२० आणि १२०० यांवरून कर्ण सुमारे २२६४ पिक्सेल. पडदा बारकाईने मोजला तर ७.०२ इंच. घनता ३२३. भागिले १६० म्हणजे २.०२. टप्पा २. आणि १२०० भागिले २ म्हणजे ६००. ओळ दोन्ही टॅबवर एकाच शब्दावर का तुटत होती, याचे उत्तर येथे मिळते. त्या मुलीने शब्द मोजून जे दाखविले तेच गणिताने सिद्ध झाले.

साधा दहा इंची. १२८० बाय ८००, पडदा १०.१ इंच. १५०९ भागिले १०.१ म्हणजे घनता १४९. कच्चे गुणोत्तर ०.९३, टप्पा १. रुंदी ८००.

याच मालिकेत २०१२ चा नेक्सस १० पाहण्यासारखा आहे. तो आमच्याकडे नाही, पण त्याची माहिती उपलब्ध आहे. २५६० बाय १६०० पिक्सेल, पडदा सुमारे १०.०५ इंच. कर्ण ३०१९ पिक्सेल, घनता ३००. कच्चे गुणोत्तर १.८८, टप्पा २. रुंदी पुन्हा ८००. म्हणजे पडद्याचे पिक्सेल चौपट असूनही पानाच्या दृष्टीने तो साध्या दहा इंची टॅबएवढाच रुंद.

हिशेब कोठे अडतो

येथपर्यंत सारे सरळ वाटते. आम्हालाही वाटले होते. पण दोन ठिकाणी आमचे गणित अडले आणि त्यातूनच मुख्य धडा मिळाला.

पहिले ठिकाण आयपॅडचे. २०१० चा पहिला आयपॅड ९.७ इंची होता, १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा. यातले गणित मोठे गोड आहे. ७६८ म्हणजे ३ गुणिले २५६, १०२४ म्हणजे ४ गुणिले २५६, तेव्हा कर्ण ५ गुणिले २५६ म्हणजे नेमका १२८०. शाळेतला ३, ४, ५ चा त्रिकोणच तो! १२८० भागिले ९.७ म्हणजे घनता १३२. गुणोत्तर १.

मार्च २०१२ मध्ये तिसऱ्या पिढीचा आयपॅड आला. पडदा तेवढाच, पण पिक्सेल २०४८ बाय १५३६. घनता २६४. आमच्या पायऱ्यांनी २६४ भागिले १६० म्हणजे १.६५, आणि जवळचा टप्पा १.५. प्रत्यक्षात गुणोत्तर आहे २. आमची आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. चुकीचा होता तो पाया. १६० हा पाया अँड्रॉइडचा आहे. आयपॅडचा पाया त्याचा स्वतःचा पहिला पडदा आहे. जुन्या आयपॅडसाठी १०२४ बाय ७६८ या मापात बसविलेली पाने आणि ॲप्स नव्या आयपॅडवर जशीच्या तशी दिसावीत, म्हणून प्रत्येक बाजूचे पिक्सेल नेमके दुप्पट केले. ७,८६,४३२ पिक्सेलच्या जागी ३१,४५,७२८ आले, पण मांडणी १०२४ बाय ७६८ चीच राहिली.

त्याच वर्षी आलेल्या आयपॅड मिनीने आणखी एक गोष्ट शिकविली. त्याचेही पिक्सेल १०२४ बाय ७६८ आणि गुणोत्तर १, पण पडदा ७.९ इंची. म्हणजे पान तेच, फक्त सगळे थोडे लहान दिसणार. शिवाय १२८० भागिले ७.९ केले तर घनता १६२ येते आणि माहितीपत्रकात १६३ असते. कारण पडदा खरे तर ७.८५ इंचांचा आहे. ७.९ हा पूर्णांकाकडे सरकविलेला आकडा. असा एखाददुसरा फरक आला तर घाबरू नये.

दुसरे ठिकाण आठ इंची टॅबचे. १२८० बाय ८०० पिक्सेल, ८ इंच. घनता १८९, कच्चे गुणोत्तर १.१८. हे १ आणि १.३३ यांच्या जवळजवळ मध्ये पडते. गुणोत्तर १ धरले तर रुंदी ८००, १.३३ धरले तर ६००. आठ इंची पडद्याला दोन्ही संख्या शोभतात! तसेच १०.१ इंची, १९२० बाय १२०० च्या टॅबचे. घनता २२४, कच्चे गुणोत्तर १.४०. हे १.३३ ला थोडे जवळ. पण आमच्याकडच्या त्या मापाच्या टॅबला विचारले तेव्हा त्याने १.५ सांगितले. १२०० भागिले १.५ म्हणजे ८००. बनविणाऱ्याने दहा इंची टॅबची रूढ रुंदी सांभाळली होती.

यावरून जे समजले ते असे. घनता हे मोजमाप आहे, ते गणिताने निघते. पिक्सेल गुणोत्तर हा टॅब बनविणाऱ्याने घेतलेला निर्णय आहे. निर्णय काय असेल याचा अंदाज गणित बांधून देते, चांगला बांधून देते, पण निर्णय गणितातून निघत नाही. म्हणून काढलेले उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय खरे मानू नये.

पडताळा कसा घ्यावा

टॅब हातात असेल तर पडताळा सोपा आहे. ब्राउझरला गुणोत्तर माहीत असते आणि वेबपान ते विचारू शकते. जावास्क्रिप्टमध्ये त्याचे नाव विंडो डॉट डिव्हाइसपिक्सेलरेशो असे आहे. रोमन लिपीत सलग लिहावे, त्यातला ‘पिक्सेल’चा पी आणि ‘रेशो’चा आर मोठ्या लिपीत, बाकी सारी अक्षरे लहान लिपीत. एक ओळीचे पान करून त्यात हा आकडा दाखवावा. आम्ही तसे पान केले आहे. आता अभ्यासिकेत नवा टॅब आला की, नोंदवहीत नाव लिहिण्याआधी हे पान उघडतो आणि आकडा वहीत टिपतो.

दुसरा मार्ग उलट्या भागाकाराचा. पानाला मिळालेली रुंदी विचारावी आणि खोक्यावरच्या पिक्सेलना तिने भागावे. १२०० भागिले ६०० म्हणजे २. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पानाच्या सुरुवातीला ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ लिहून, रुंदी उपकरणाएवढी धरावी असे ब्राउझरला सांगितलेले असले पाहिजे. ती ओळ नसेल तर टॅबवरचे ब्राउझर पान संगणकासाठी आहे असे समजून साधारण ९८० ची रुंदी धरतात आणि भागाकार फसतो.

तिसरी गोष्ट, गुणोत्तर कायमचे नसते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ बदलता येतो. आजोबांनी अक्षरे मोठी दिसावीत म्हणून तो वाढविला असेल तर गुणोत्तरही वाढते आणि पानाची रुंदी कमी होते. दोन बोटांनी चित्र मोठे केले तर मात्र गुणोत्तर बदलत नाही. तेव्हा पडताळा घेताना ही सेटिंग मूळच्या जागी आहे का ते पाहावे.

याचा उपयोग काय

कोणी विचारील, हे एवढे गणित कशासाठी? आमच्या अनुभवाप्रमाणे तीन कामांसाठी.

पहिले काम पानाच्या मांडणीचे. अट खोक्यावरच्या पिक्सेलवर न ठेवता मांडणीच्या पिक्सेलवर ठेवावी. आमची १००० ची अट आम्ही ९०० केली. तेव्हापासून दोन्ही नेक्सस ७ आडवे धरले की प्रश्न आणि आकृती शेजारी शेजारी दिसतात.

दुसरे काम चित्रांचे. बाईंच्या टॅबवर आकृत्या पुसट का दिसत होत्या? आम्ही हाताने लिहिलेल्या टिपणांची आणि आकृत्यांची चित्रे ६०० पिक्सेल रुंदीची करून ठेवली होती. गुणोत्तर १ असलेल्या पडद्यावर ६०० जागेत ६०० ठिपके बसतात आणि चित्र स्पष्ट दिसते. गुणोत्तर २ असलेल्या पडद्यावर त्याच जागेत १२०० ठिपके असतात. चित्रातला एक ठिपका पडद्याच्या चार ठिपक्यांवर ताणावा लागतो आणि रेषा पसरतात. देवनागरीत याचा त्रास फार. अनुस्वाराचा टिंब पुसट झाला, ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांसारखे दिसू लागले की मूल चुकीचे वाचते आणि चुकीचे पाठ करते. म्हणून चित्र जेवढ्या रुंदीत दाखवायचे तिला गुणोत्तराने गुणावे. ६०० च्या जागेसाठी गुणोत्तर १.३३ असेल तर ८००, २ असेल तर १२०० पिक्सेलचे चित्र हवे.

मग सगळीकडे १२०० चेच चित्र का ठेवू नये? कारण त्यात पिक्सेल चौपट, आणि डाउनलोडचा भारही बराच वाढतो. दिवसाच्या डेटावर अभ्यास करणाऱ्या मुलाचा डेटा जपून वापरायला हवा. यावर तोड आहे. वेबपानात एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या ठेवून, ‘एसआरसीसेट’ या सोयीने कोणती आवृत्ती कोणत्या गुणोत्तराला, ते लिहिता येते. ब्राउझर आपल्या पडद्याला योग्य ती निवडतो. आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे टिपणे शक्यतो टाइप करावीत. टाइप केलेले अक्षर चित्र नसते. ते पडद्यावर नव्याने रेखले जाते आणि कोणत्याही गुणोत्तराला रेखीवच राहते. बाईंना वर्तमानपत्र सुरेख दिसत होते ते यामुळेच. टॅब चांगला होता, आमची चित्रे अपुरी होती.

तिसरे काम खरेदीचे. वर्गणीच्या पैशांतून टॅब घेताना ‘याचे पिक्सेल जास्त, म्हणजे पान मोठे’ असा युक्तिवाद बैठकीत हमखास होतो. तो बरोबर नाही. पिक्सेल जास्त म्हणजे अक्षर रेखीव. पान किती मावेल हे मांडणीच्या रुंदीवर ठरते आणि ते वाचायला किती सोपे जाईल हे पडद्याच्या इंचांवर. दोन रकाने हवे असतील तर दहा इंची टॅब पाहावा. बारीक अक्षर स्पष्ट हवे असेल तर घनता पाहावी. आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच एक ओळीचे पान उघडून आकडा पाहून घ्यावा. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी

‘नादुरुस्त’ ही चिठ्ठी आम्ही त्याच दिवशी काढली. बाईंची क्षमा मागितली. त्यांनी टॅब परत नेला नाही. उलट आमच्या टिपणांतली शुद्धलेखनाची एक चूक दाखवून दिली आणि पुढे काही महिने मराठीच्या टिपणांची तपासणी त्यांनीच केली. तो टॅब आणखी दोन वर्षे मुलांच्या हातात राहिला. शब्द मोजणाऱ्या त्या मुलीला नोंदवहीचे काम दिले. प्रत्येक टॅबपुढे वर्ष, इंच, पिक्सेल, घनता, अंदाजाचे गुणोत्तर आणि प्रत्यक्षातले गुणोत्तर असे सहा रकाने तिने आखले. शेवटचे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवण्याची कल्पना तिचीच. कोठे अंदाज बरोबर आला आणि कोठे चुकला, ते एका नजरेत दिसते.

त्या वहीकडे पाहिले की वाटते, आम्ही न तपासता एका चांगल्या वस्तूला नादुरुस्त ठरविले आणि एका भल्या बाईंचे मन दुखावले. कारण एवढेच की, सारखे नाव असलेली दोन मापे आम्ही एकच समजलो. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, पानावरचाही नव्हता. त्या दोहोंमधला भागाकार आम्ही केला नव्हता.

ज्या मंडळांना किंवा पालकांना आपल्या टॅबचा असा हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी संध्याकाळी अभ्यासिकेत यावे. मुले आनंदाने करून दाखवितात. या लेखात काही उणे राहिले असेल तर जाणकारांनी ते निदर्शनास आणून द्यावे, ही नम्र विनंती.